टीव्हीवर राज्याभिषेक: बघायचा कसा आणि बोलायचं कधी

6 मे 2023, शनिवार. दुपारचे नुकतेच बारा वाजलेले. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या बैठकीच्या खोलीत अकरा माणसं दाटीवाटीने बसलेली. टीव्हीवर आर्चबिशपांनी, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी, मुकुट दोन्ही हातांनी उचलला, खाली ब्रिटनचे राजे चार्ल्स डोळे मिटल्यासारखे बसलेले, आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. लीड्सहून भावजींचा मेसेज: "बसला एकदाचा!"

सत्तर वर्षांनी आलेला प्रसंग, आणि आमच्याकडे मुकुट अजून अधांतरीच.

भावजींचा काही दोष नव्हता. त्यांच्याकडे छपरावरचा अँटेना, आम्ही बघत होतो इंटरनेटवरून. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण अँटेनापेक्षा मागे असतं, कधी काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाच्या वर. एरवी कुणाला पत्ताही लागत नाही. पण एकाच वेळी पाच घरं एका ग्रूपवर बोलत असतील तर तेवढ्यात सगळा विचका होतो. मॅच बघणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे, शेजारी ओरडला की आपल्याकडे गोल व्हायचाच असतो. मला ते मुकुटाच्या वेळी कळलं.

खरं तर सकाळीच कळायला हवं होतं. 10:20 ला राजाराणीची घोडागाडी बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हा ग्रूपवर सगळ्यांनीच उत्साहाने लिहिलं, "निघाली!" पहिलं "निघाली" भावजींचं. मग जाऊबाईंच्या भावाचं. आमचं सगळ्यात शेवटी. मी मनात म्हटलं, आपण टाइप करायला हळू. हळू मी नव्हते, हळू टीव्ही होता.

म्हणून पहिलं काम हे: सोहळा सुरू होतानाची कुठलीही एक ठळक घटना ठरवा आणि ती दिसताक्षणी प्रत्येक घराने एकच शब्द टाकायचा. कोण किती मागे आहे ते लगेच समजतं. जो सर्वांत पुढे त्याने महत्त्वाच्या क्षणी मनातल्या मनात साठपर्यंत मोजावं आणि मगच बोट लावावं. हे पाळलं जाईल याची खात्री नसेल तर सरळ अँटेनाच वापरा. आणि हो, ब्रिटनमध्ये घरी कुठलंही चॅनल थेट बघायला टीव्ही लायसन्स लागतं, मग ते फोनवर का असेना. त्या वर्षी ते 159 पौंड होतं. त्या शनिवार-रविवारपुरती सार्वजनिक ठिकाणी सोहळा दाखवणाऱ्यांना मात्र सूट होती, त्यामुळे आमच्या गल्लीतले काहीजण जवळच्या हॉलमध्ये जाऊन बसले. मला ते जमलं नसतं. मला मोठ्याने बोलायचं असतं.

बसायचं कधी, उठायचं कधी

बीबीसीचं प्रक्षेपण सकाळी साडेसातला सुरू झालं. मी साडेसातला बसले. हा वेडेपणा होता, तुम्ही करू नका. सकाळचे तीन तास म्हणजे कोण कुठल्या रंगाची टोपी घालून आलं आणि पाऊस किती पडतोय. अभ्यासू माणसाने दहाला बसावं. दहा वीसला मिरवणूक, अकराला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये विधी सुरू, बाराच्या सुमाराला मुकुट, एकला परतीची मिरवणूक, अडीचच्या आसपास बाल्कनी. मे महिन्यात ब्रिटनचं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिकडच्या मंडळींना हा सगळा खेळ दुपारी तीनच्या जरा आधीपासूनचा. आमची ताई, म्हणजे नणंद, कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे पहाटेचे तीन. तिने रेकॉर्डिंग लावलं आणि झोपली. तिच्याकडे शेवटी येते.

स्वयंपाकाचं एवढंच: अकरानंतर कुणी गॅसपाशी असता कामा नये. राजवाड्याने त्या निमित्ताने पालक, ब्रॉड बीन्स आणि टॅरागॉनच्या कीशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खाऱ्या टार्टची, कृती जाहीर केली होती. शेजारच्या आजी ती करून घेऊन आल्या. चव बरी होती, मी माझ्या वाट्यावर तिखट भुरभुरलं. माझे बटाटेवडे साडेदहाला तळून झालेले. त्यामुळे चार तासांत मी एकदाच उठले, चहाला, आणि नेमकी तेव्हाच त्या वेळचे पंतप्रधान ऋषी सुनक यांची वेळ आली. हिंदू पंतप्रधान राजाच्या राज्याभिषेकात बायबलमधला उतारा वाचतोय, हे दृश्य मला स्वयंपाकघराच्या दारातून, हातात गाळणं धरून बघावं लागलं.

बोलायची वेळ आणि गप्प बसायची वेळ

माझ्या मते या सोहळ्याचे दोन भाग पाडावेत. मिरवणूक, येणारे पाहुणे, कपडे, घोडे हा वेळ गप्पांचा. इथे मनसोक्त लिहा. जाताना जी गाडी होती ती नवी, एसीवाली, काचा बटणाने खालीवर होणारी. येतानाची सोन्याची गाडी 1762 ची, वजन सुमारे 4 टन, ओढायला आठ घोडे, वेग माणसाच्या चालण्याचा. एलिझाबेथ राणीने स्वतःच एकदा सांगितलं होतं की त्या गाडीतला प्रवास भयंकर असतो. हे असलं काही ठाऊक असलं की मिरवणुकीतला रिकामा वेळ भरून निघतो.

एक प्रसंग तर आयताच मिळाला. राजाराणी ठरल्यापेक्षा लवकर पोचले आणि अ‍ॅबीच्या दाराशी गाडीतच बसून राहिले. युवराज विल्यम आणि कुटुंब अजून यायचं होतं. पाऊस पडतोय, घोडे उभे, आत राजा खिडकीतून बघतोय. आमच्या मावशीने लिहिलं, "नवरदेव मांडवापाशी येऊन थांबलाय आणि करवल्यांचा पत्ता नाही." दिवसभरात यापेक्षा चांगलं कुणीही काही लिहिलं नाही.

अ‍ॅबीच्या आत मात्र चार-पाच जागा अशा आहेत की फोन पालथा ठेवावा. सुरुवातीला राजाला चारही दिशांना तोंड करून लोकांसमोर उभं करतात आणि हा तुमचा राजा म्हणून पुकारतात. मग शपथ. मग अभिषेक. मग मुकुट. मग सिंहासन. मधल्या जागांत वाचन, गाणी, वस्तू आणून देणं चालू असतं, तिथे एखादी ओळ लिहिली तरी हरकत नाही. वस्तू आणून देणारी माणसं नीट बघा. हातमोजा दिला लॉर्ड सिंग यांनी, अंगठी आणली लॉर्ड पटेल यांनी. अंगठी राजाने बोटात घातली नाही, नुसता स्पर्श केला. माझे सासरे म्हणाले, "पटेलांनी आणलेली वस्तू परत गेली होय!" त्यांना समजावून सांगेपर्यंत मुद्दा पुढे निघून गेला होता.

आणि खुर्ची बघा, खुर्ची. पहिल्या एडवर्डने सुमारे 1300 साली करवून घेतलेली. खाली स्कॉटलंडहून आणलेला दगड, तो खास त्या दिवसासाठी एडिंबराच्या किल्ल्यातून आणला होता. कॅमेरा जवळ गेला की लाकडावर ओरखडे दिसतात. ती शाळकरी पोरांनी आणि बघ्यांनी कोरलेली नावं आहेत. एकाने तर लिहून ठेवलंय की पी. अ‍ॅबट या खुर्चीत 5-6 जुलै 1800 ला झोपला होता. आपल्या गडकिल्ल्यांवर "पप्या आणि पिंकी" कोरणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या आमच्या ह्यांना मी ते मुद्दाम दाखवलं.

पडद्यामागचं

आता खरी गोष्ट. इंग्रजी शब्द मुकुटावरून आलाय, त्यामुळे सगळं जग मुकुटाची वाट बघत बसतं. आपला शब्द जास्त बरोबर आहे. राज्याभिषेक. विधीचा गाभा डोक्यावर काय ठेवलं हा नाही, अंगाला काय लावलं हा आहे. आणि नेमकं तेच टीव्हीवर दाखवत नाहीत.

राजाची भरजरी वस्त्रं उतरवतात. साध्या पांढऱ्या सदऱ्यात तो त्या जुन्या खुर्चीत बसतो. मग तीन बाजूंनी पडदे आणून उभे करतात. 2023 च्या पडद्यावर एक झाड भरलं होतं, पानं 56, राष्ट्रकुलातल्या प्रत्येक देशाचं एक. आत आर्चबिशप बाराव्या शतकातल्या चमच्यात तेल घेतात आणि राजाच्या हातांना, छातीला, डोक्याला लावतात. तेल जेरुसलेममध्ये मंत्रून आणलेलं, जैतुनाचं, 2023 ला त्यात कुठलाही प्राणिज पदार्थ नव्हता. 1953 सालीही कॅमेऱ्याने हा भाग दाखवला नव्हता. त्या वेळी वर छत्र धरलं होतं.

तेवढा वेळ करायचं काय? बहुतेक लोक इथे चहाला उठतात किंवा मेसेज बघतात. हीच चूक. आवाज वाढवा. त्या क्षणी हेंडेल या संगीतकाराचं "झेडॉक द प्रीस्ट" चालू असतं. 1727 साली दुसऱ्या जॉर्जसाठी केलेलं, तेव्हापासून प्रत्येक राज्याभिषेकात गायलेलं. आधी नुसती वाद्यं. व्हायोलिन्स चढत जातात, चढत जातात, वाटतं आता आवाज फुटणार, नाही फुटत, अजून थोडं, आणि मग अख्खा गायकवर्ग एकदम तुटून पडतो. माझ्या भाच्याने मान वर केली. "अगं आत्या, चॅम्पियन्स लीग!" चूक नव्हता तो, फुटबॉलचं ते गीत यावरूनच बेतलेलं आहे. पण घरातल्या तिघांना एकदम हसू आलं आणि मला त्याला उशीने मारावंसं वाटलं. तुमच्या घरी फुटबॉलवाली मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: हो, तेच आहे, आता गप्प बसा.

सासऱ्यांना मात्र पडदा पटला. ते म्हणाले, नैवेद्य दाखवताना गाभाऱ्याचा पडदा ओढतात की नाही, तसंच हे. शेजारच्या आजींना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या की 1953 ला त्या नऊ वर्षांच्या होत्या, शेजाऱ्यांच्या घरी बारा इंची टीव्हीसमोर वीसेक माणसं होती, चित्र दिसावं म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून काळोख केलेला, आणि हा भाग आला तेव्हा त्यांच्या आईने त्यांचं डोकं खाली वाकवलं होतं. टीव्हीवर दिसण्यासारखं काही नव्हतंच, तरीही.

त्यानंतर दोन मिनिटं ग्रूपवर कुणीच काही लिहिलं नाही.

मुकुट आणि कोहिनूर

मुकुटाच्या वेळी काय बघावं? आर्चबिशपांचे हात. सेंट एडवर्डचा मुकुट 1661 चा, वजन 2.23 किलो, म्हणजे दोन किलोची कणकेची पिशवी डोक्यावर, वर थोडं मीठ. तो नीट बसला पाहिजे आणि वाकडा दिसता कामा नये. आर्चबिशपांनी तो ठेवला, दाबला, खाली वाकून पुढून बघितला, पुन्हा हलवला. भारदस्त समारंभात ते एकच दृश्य असं होतं की वाटलं, हा माणूस लग्नात मुंडावळ्या बांधणारा मामा आहे. मग तोफा, मग घंटा.

थोड्याच वेळात राणी कॅमिलांचा मुकुट येतो, आणि भारतीय माणसं असलेल्या कुठल्याही ग्रूपवर त्याच क्षणी प्रश्न येतो. आमच्याकडे एकदम चार आले. उत्तर आधीच लिहून ठेवा आणि चिकटवा: कोहिनूर वापरलेला नाही. कॅमिलांनी राणी मेरीचा मुकुट घातला, त्यात कलिनन हिऱ्याचे तुकडे बसवलेत, कोहिनूर एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात आहे आणि तो टॉवर ऑफ लंडनमध्येच राहिला. यावर "परत कधी देणार?" हा पुढचा प्रश्न येईल. त्याचं उत्तर चिकटवता येत नाही. तो वाद संध्याकाळसाठी राखून ठेवा.

आणखी एक गंमत पुष्कळांच्या नजरेतून सुटते. राजा बाहेर पडतो तेव्हा डोक्यावर तो मुकुट नसतो. दुसरा असतो, 1937 चा, हलका, साधारण एक किलोचा. कुणी ओळखतं का ते विचारून बघा. आमच्याकडे फक्त आजींनी ओळखलं.

लिहायचं काय

"वा", "अप्रतिम", टाळ्यांची चित्रं, ही प्रतिक्रिया नव्हे, हजेरी आहे. एका माणसाकडे किंवा एका वस्तूकडे बोट दाखवा. त्या वेळच्या मंत्री पेनी मॉरडंट बाई राजाची साडेतीन किलोच्या वरची तलवार ताठ हातांनी धरून उभ्या होत्या, त्यावर माझ्या जावेने लिहिलं, "मी भाजीची पिशवी बसस्टॉपपर्यंत अशी धरून दाखवते, मग बोला." प्रिन्सेस अ‍ॅन यांच्या टोपीवरचा लाल तुरा नेमका हॅरीच्या तोंडासमोर आला, त्यावर भाच्याने फक्त फोटो काढून टाकला, शब्द एकही नाही. तेवढं पुरे होतं.

व्हिडिओ पुढे ढकलताना मात्र हात आवरा. अ‍ॅबीच्या दारातून काळा झगा घातलेली कुणी आकृती सर्रकन गेली आणि तासाभरात ती "मृत्यूदूत" म्हणून सगळीकडे फिरायला लागली. आमच्या ग्रूपवर ती तीनदा आली, दोनदा "अपशकुन" या शब्दासह. अ‍ॅबीने नंतर सांगितलं की तो तिथलाच सेवेकरी होता. मी ते टाकलं तेव्हा उत्तर आलं, "असेल, पण तरी." "असेल, पण तरी"शी वाद घालण्यात अर्थ नाही.

राजेशाही नको म्हणणारी माणसंही तुमच्याकडे असतील, असावीत. त्या दिवशी लंडनमध्ये पिवळे फलक घेऊन "हा माझा राजा नाही" म्हणणारे उभे होते, त्यातल्या काहींना पोलिसांनी सकाळीच धरलं. आमची लेक त्यांच्या बाजूची. मी तिला सांगितलं, मिरवणुकीत काय हवं ते बोल, सगळे ऐकतील, अ‍ॅबीत नको. तिने ते पाळलं आणि मिरवणुकीत बरंच ऐकवलं. खर्च कुणाच्या खिशातून, हा तिचा प्रश्न मला अजून नीट परतवता आलेला नाही.

मग लोकांच्या निष्ठेच्या शपथेचा भाग आला. टीव्हीसमोर बसलेल्यांनीही राजाप्रती निष्ठेचे शब्द मोठ्याने म्हणावेत असं सुचवल्यावरून आठवडाभर वादंग झाला होता, शेवटी ते "ज्यांना वाटतं त्यांनी" एवढं मवाळ झालं. तुमच्या घरी अशा वेळी काय होईल ते आधी विचारू नका, होऊ द्या. आमच्याकडे आजी काठी टेकून उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात सगळं म्हणाल्या. लेक उठून पाणी प्यायला गेली. ह्यांनी वडा तोंडात अर्धा तसाच ठेवला, चावावा की नाही ते कळेना. सासरे उभे राहिले, पण ते आजी उभ्या राहिल्या म्हणून. मी बसूनच राहिले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि ग्रूपवरही ते कुणी घातलं नाही.

पुढचं भराभर. पावसामुळे विमानांची सलामी आखडती घेतली, हेलिकॉप्टरं आणि रेड अ‍ॅरोज ही हवाई दलाची कसरतीची विमानं एवढंच. तीनला पाहुणे गेले, आजींना मी छत्री घेऊन दारापर्यंत सोडून आले. साडेतीनला भांडी घासत होते. बाल्कनी रिकामी होऊन तास होत आला होता. फोन वाजला. कॅलिफोर्नियाहून ताई, नुकती उठलेली: "कुणी काही सांगू नका हं. मेसेज वाचलेले नाहीत. आत्ता लावतेय."

ग्रूपवर तोवर तीनशेच्या वर मेसेज होते. सगळे गप्प झाले. भावजींनीसुद्धा दम धरला. आणि थोड्या वेळाने तिचा एकच शब्द आला.

"निघाली!"